चौथ्या रिळावरचा उघडा त्रिकोण

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आजोबांनी बुद्ध धम्म स्वीकारला तेव्हाच आमच्या घरातून अंगारे-धुपारे, उतारे सगळं बाहेर गेलं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, बीएस्सी फिजिक्स, फर्स्ट क्लास. या सदरातले अनुभव वाचून मी आत्तापर्यंत हसतच आले. आता मलाच कोणी हसलं तर तक्रार नाही...

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो, हायवेजवळ, झोपडपट्टीच्या जागी उभ्या राहिलेल्या एसआरए बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. आई, बाबा आणि मी. बाबा तीस वर्षं इथल्याच एका थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे प्रोजेक्टर चालवायचे. ते थिएटर केव्हाच पाडलं. सकाळच्या शोला तिथे अमेरिकन पिक्चर लागायचे – काऊबॉयचे, मारामारीचे, कधी अगदी जुने ब्लॅक अँड व्हाइट. बाबा चौथी शिकलेले. इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही, पण कुठल्या रिळात कोणाला गोळी लागते ते तोंडपाठ.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. पिक्चर पाच-सहा रिळांत यायचा. केबिनमध्ये दोन मशीन असायची. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक टिंब चमकायचं, म्हणजे दुसरं मशीन चालू करा. सात सेकंदांनी दुसरं टिंब, की हँडल ओढून पडदा नव्या मशीनवर घ्यायचा. ही पद्धत तिकडच्या स्टुडिओंनीच पाडलेली. चार फ्रेमचं टिंब, डोळा मिटला तर गेलं. पण प्रिंट जुनी झाली की रिळांची टोकं तुटायची, टिंबंही जायची. मग ऑपरेटर सुईने स्वतःची खूण कोरायचे. बाबा त्रिकोण काढायचे, दोनच रेघांचा, तिसरी बाजू उघडी. तिसरी रेघ मारली की जुनी फिल्म फाटते, म्हणायचे.

मी अंधेरीला, मरोळमध्ये नोकरी करते. आमच्याकडे जुन्या अमेरिकन सिनेमांचे स्कॅन येतात. तिकडच्या कंपन्यांनी मूकपटांच्या काळातलं कितीतरी जाळलं, फेकून दिलं. आता उरलंसुरलं जपतायत. आम्ही एकेक फ्रेम साफ करतो – धूळ, ओरखडे, डाग आणि ती टिंबंसुद्धा. नोकरी लागली तेव्हा मी बाबांना मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही खुणा मारायचो, तू पुसणार. झकास."

मला टोमणा लागला होता. मी म्हटलं, बाबा, जग डिजिटल झालंय.

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा दुसरा झटका आला. वाचा गेली, डावी बाजू गेली. हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं. दहा-पंधरा दिवस, फार तर. घरी आणल्यापासून बाबा एकाच ठिकाणी बघायचे, समोरच्या भिंतीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात. आईला वाटलं पाल असेल. मी स्टुलावर चढून कोपरा पुसला. काही नव्हतं.

अकरावा दिवस, मंगळवार. मी ऑफिसला गेले होते, कारण तीन वाजेपर्यंत एक रीळ द्यायचं होतं. काऊबॉयचा पिक्चर, चौथं रीळ. ओस पडलेलं एक स्टेशन आणि बाकड्यावर बसलेला म्हातारा. बारा चाळीसला कोपऱ्यात खूण दिसली. मी पुसली. शेजारच्या फ्रेममधून तुकडा घ्यायचा, चिकटवायचा, चार वेळा. पहिली दिसली की दुसरी असणारच, म्हणून सवयीने सात सेकंद पुढे गेले. होती. तीही पुसली.

हात माउसवरून उचलला आणि मग डोक्यात शिरलं की मी काय पुसलं. त्रिकोण. तिसरी बाजू उघडी.

मी अनडू केलं. फ्रेम परत आल्या... कोऱ्या. मूळ स्कॅन उघडला, तोही कोरा. पण सॉफ्टवेअरच्या नोंदीत स्पष्ट होतं, आठ फ्रेम दुरुस्त, माझं लॉगिन, वेळ बारा चाळीस. आणखी एक. हा स्कॅन मूळ निगेटिव्हवरून आलेला. निगेटिव्ह अमेरिका सोडून कधी बाहेर गेलेली नाही, कागदांवर तसं लिहिलंय. आणि निगेटिव्हवर ओरखडा पडला तर चित्रात काळा दिसतो. हे त्रिकोण पांढरे होते. म्हणजे थिएटरात चाललेल्या प्रिंटवर कोरल्यासारखे.

घरी फोन लावला. आई घाबरलेली होती. म्हणाली, "आत्ता उजवा हात वर केला गं त्यांनी. काहीतरी पकडल्यासारखा. खाली घेतच नाहीयेत."

मी मेट्रोने घरी पोचले तेव्हा हात गादीवर पडला होता, पण मूठ तशीच. खुणेची वाट बघत हँडल धरल्यासारखी. ती आजही उघडत नाही. नखं तळव्यात रुततात म्हणून आई मुठीत कापसाची गुंडाळी सरकवते.

याला आता सात महिने झाले. दहा-पंधरा दिवस सांगणारे डॉक्टर आता दर महिन्याला बीपी तपासून जातात. पाठीला जखमा झाल्यात, नळीतून पेज जाते, कूस बदलताना बाबा जो आवाज काढतात तो मला लिहिता येणार नाही. डोळे त्याच कोपऱ्यात. पुसलेल्या खुणांचं मी आईला सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात आई भांडी घासता घासता म्हणाली, "तुला सगळं येतं ना गं त्या कॉम्प्युटरवर. मग सोडव की त्यांना."

मी केलं नाही असं नाही. मार्करने भिंतीवर त्रिकोण काढला. बाबांनी बघितलंही नाही. भिंतीवरची खूण चमकून जात नाही, ती कसली खूण. मग तेच रीळ लॅपटॉपवर घरी आणलं. नोकरी जाऊ शकते, माहीत आहे. दोन्ही जागी चार-चार फ्रेमवर पांढरे, उघडे त्रिकोण मी स्वतः काढले आणि लॅपटॉप त्या कोपऱ्यापाशी उंच धरला. म्हातारा बाकड्यावर बसला, पहिली खूण चमकली, सात सेकंदांनी दुसरी. मूठ हलली नाही. बाबांनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर परत कोपऱ्यात नेली.

फिजिक्समध्ये याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि देवाकडे मागायची आमच्यात रीत नाही. ऑफिसला रोज जाते. रोज टिंबं पुसते, आता पुसण्याआधी प्रत्येक खूण मोठी करून बघते. गोल असतात सगळी.

त्या आठ फ्रेम कुठून आल्या, मला माहीत नाही. कुठे गेल्या तेवढं माहीत आहे. त्या मी पुसल्या.