नव्या बरण्या

ईशाला हे माहीत नाही. तिला नाही, म्हणजे कोणालाच नाही — मी हे आजवर एकदाही तोंडातून काढलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, तर क्रमानेच सांगते.

चंदीगडला कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्या वर्गात मराठी घरातल्या दोघीच. माझे बाबा सेक्टर ३९मधल्या संशोधन संस्थेत, ईशाचे वडील हवाई दलात. त्यांच्या बदलीमुळे ती अर्धं वर्ष सरल्यावर आली. जीवशास्त्राची निम्मी प्रात्यक्षिकं बुडाली होती. तिला पुढे पक्ष्यांवर संशोधन करायचं होतं. परीक्षेत टेबलावर बरण्या मांडलेल्या असतात. आतला प्राणी ओळखायचा, नाव आणि दोन लक्षणं लिहायची — एका बरणीला एक मिनिट, मग घंटा.

फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं राहून सगळे कृमी सारखेच पांढुरके दिसतात. म्हणून मी तिला प्राणी शिकवलेच नाहीत. बरण्या शिकवल्या. झाकणाला चीर — पट्टकृमी. तोंडाला लाल लाखेचं सील — जळू. तळाशी गाळ — यकृतकृमी. आमच्या जेवणाच्या टेबलावर, फोनमधले फोटो पुढे सरकवत, पंधरा दिवस हेच. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. "यार, तू नहीं होती तो मैं पक्का फेल थी."

मग सराव परीक्षा झाली. तिला वीसपैकी अठरा, मला पंधरा. मॅडम वर्गासमोर मला म्हणाल्या, "इससे सीखो कुछ." माझ्याच खुणा — आणि मी तिच्याकडून शिकायचं? मी पुढे जे केलं, त्याचं कारण एवढंच. याहून मोठं मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी जर्नलवर सही घ्यायला प्रयोगशाळेत गेले. तिथले अटेंडंट अंकल एकेक प्राणी चिमट्याने उचलून नव्या, एकसारख्या बरण्यांत घालत होते. "पुराने लीक कर रहे थे, बेटा जी. साथवालों को बता देना." मी "जी" म्हटलं.

संध्याकाळी ईशा आली. झाकण, लाख, गाळ — सगळी उजळणी मी करून घेतली. एक वाक्य सांगायचं होतं. पुस्तकातल्या आकृत्या बघायला तिच्यापाशी अजून वेळ होता. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रांगेत ती माझ्यापुढे होती. पहिल्या बरणीपाशी तिने झाकण पाहिलं, तळ पाहिला, मग वळून माझ्याकडे. मी कागदावर माझा रोल नंबर लिहीत होते. घंटा झाली.

ती नापास झाली. इथवर याला मत्सर म्हणता येईल. पण मला जे सांगायचं आहे, ते पुढचं आहे. निकालाच्या दिवशी सेक्टर १७मध्ये एका बाकावर ती म्हणाली, "जार बदले तो सबके लिए बदले. तुझे तो आता था ना? मेरे ही दिमाग में कुछ नहीं घुसता." पुन्हा परीक्षा देता येणार होती. देऊ का, असं ती मलाच विचारत होती. मी म्हटलं, "नको गं. तुला हा विषय झेपत नाही."

तिने ते ऐकलं. परीक्षा पुन्हा दिली नाही, सायन्सच सोडलं.

आता ती आयटी पार्कमधल्या एका कंपनीत आहे. मागच्या महिन्यात आम्ही काहीजण तिच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा कुणीतरी विचारलं, सायन्स का सोडलंस? तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इसकी वजह से. सब झूठी तसल्ली दे रहे थे, बस इसने सच बोला."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी बघू दिलं.