सासऱ्यांचं बीपी

माझे सासरे भारतीय फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यानंतरही समोरचा आपल्या वरचा की खालचा, हे ठरवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. बसचा ड्रायव्हर असो नाहीतर देवळातला पुजारी, आधी अंगावरचे कपडे बघायचे, मग माणूस. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. अशा मामांपासून मला माझ्या गणवेशाचा रंग लपवायचा होता.

मी पुण्यात एका हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर होते. नवरा लंडनला शिकायला आला आणि कॉमनवेल्थमधली पोरं घेतात म्हणून इथल्या ब्रिटिश आर्मीत भरती झाला. गावात टिंगल झाली, "पणज्यानं इंग्रजाची चाकरी केली, आता पणतू गेला!" लग्न होऊन मी लंडनमधल्या हाउन्सलोला, लष्करी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा कळलं की पुण्याचं रजिस्ट्रेशन इथे चालत नाही. आधी एखाद्या हॉस्पिटलात काही महिने देखरेखीखाली काम करायचं, मग नर्स म्हणून नोंद. तोवर स्वतःला नर्स म्हणवून घ्यायचं नाही. ती जागा मिळवताना नाकी नऊ आले. मिळाली, निम्मे महिने भरले, आणि नवऱ्याची बदली उत्तरेकडे झाली. अर्धवट महिने कुणी धरत नाही. परत हाउन्सलोला आलो तेव्हा मी होते तिथेच होते. मग एका वृद्धाश्रमात केअरर म्हणून लागले. आजी-आजोबांना आंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या. कामाची मला लाज नव्हती. लाज होती ती फिकट हिरव्या कुडत्याची, कारण नर्सेसचा गडद निळा होता, आणि त्यांच्यातल्या निम्म्या माझ्या हाताखाली शिकल्या असत्या.

नवऱ्यानं गावी सांगून टाकलं होतं, "ती इथंपण सिस्टरच आहे." मी ते खोडलं नाही.

त्या उन्हाळ्यात सासू-सासरे राहायला आले, आणि नेमक्या त्याच दिवसांत दोन बातम्या आल्या. मला हॉस्पिटलात पुन्हा जागा मिळाली होती, शरद ऋतूत सुरू होणारी. आणि नवऱ्याची बदली जर्मनीला झाली होती. "तिकडून आल्यावर बघू की," तो म्हणाला. मला एखादी खोली भाड्यानं घेऊन इथेच राहायचं होतं, कारण पुन्हा सोडली तर तिसऱ्यांदा कोण देणार? पण हे मामांसमोर बोलायचं कसं? चांगली सिस्टर असलेली सून नवऱ्याला सोडून मागे का राहते, याला उत्तर काय? आमचंच खोटं आमच्या गळ्यात आलं होतं.

वृद्धाश्रमाचा ओपन डे होता, नातेवाइकांना बोलावतात तसा. मामांना मी त्याबद्दल बोलले नव्हते, पण मी नवऱ्याला फोनवर सांगताना त्यांनी ऐकलं, आणि सुनेचा समारंभ म्हणून ब्लेझर चढवून, त्यावर मेडलं लावून, बस पकडून एकटेच आले. मी केकच्या बशा वाटत होते. ते सरळ पाहुण्यांच्या तपासणीसाठी मांडलेल्या टेबलापाशी गेले, तिथलं बीपीचं मशीन पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. घरात नर्स असली की आपल्याकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यापुढे दंड धरतो. मामांनीही ब्लेझर काढून माझ्या हातात दिला, शर्टाची बाही वर केली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा फौजी इंग्रजीत म्हणाले, "माय डॉटर-इन-लॉ. सिस्टर. चेक!"

तिथे केअररनं मशीनला हात लावायचा नाही असा नियम होता.

मॅनेजरीणबाई प्रेमळ होत्या, तेच वाईट. "ओह नो, डिअर," त्या हसून म्हणाल्या, "शी इज नॉट अ नर्स. शी इज अवर केअरर. वुई लव्ह हर!" आणि त्यांनी निळ्या कुडत्यातल्या एका कोवळ्या मुलीला हाक मारली.

तिनं पट्टा गुंडाळला. मामांनी एकदा निळ्याकडे पाहिलं, एकदा हिरव्याकडे. मी तो मेडलांचा ब्लेझर छातीशी धरून उभी होते, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. बीपी नॉर्मल निघालं.

बसमध्ये मामा ब्लेझर मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

घरी सासूबाई चपात्या लाटत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. नवरा नुकताच आला होता. मामा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता सांगा. हितली नर्स कशी हुत्यात?"

मी सांगितलं. पहिली जागा, पहिली बदली, आताची जागा, जर्मनी. मान वर न करता सगळं सांगितलं. नवऱ्याचे कान लाल झाले होते.

"मग ही जर्मनीला न्हाई येत," मामा त्याला म्हणाले.

"लोक काय म्हणतील, आबा? बायकोला एकटं टाकून..."

"तुझी आई राहिली न्हवं का गावात? मी काश्मिरात, ती म्हशींमागं. सारी फौज अशीच चालती. कधी कुरकुर केली का तिनं?"

लाटणं थांबलं.

"मला इचारलं कुणी हुतं?" आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पीठ लागलेला हात त्यांनी माझ्याकडे केला. "आन् आता तरी कुठं इचारताय? तुमी म्हणताय ऱ्हा, त्यो म्हणतो चल. ती हितंच उभी हाय."

आश्रमात मला लाज वाटली होती, त्याहून जास्त आता वाटली, कारण त्यांचं म्हणणं माझ्याबद्दलही खरं होतं. मीसुद्धा कुणीतरी विचारेल म्हणून थांबले होते.

मामांची बाही दुपारपासून तशीच वर होती. त्यांनी ती खाली ओढली आणि बटण लावत बसले. ते काही लागेना.

"मला राहायचंय," मी म्हणाले.