उचल मिळेल

आश्रुबा मिस्त्रीनं जिंतुरात घरच्या गोठ्यात गॅरेज थाटलं, तेव्हा आमच्या नाटक मंडळीचं बिऱ्हाड त्याच गल्लीत होतं. मी राणीची कामं करायचे. पण चौऱ्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यात गल्लीतला खरा प्रयोग आश्रुबाचा होता. ड्रायव्हरची नोकरी सोडून, म्हैस मेहुण्याकडे धाडून त्यानं गोठ्यात चार आटेदार लोखंडी खांब रोवले. साखळीनं जोडलेले. हँडल फिरवलं की गाडी अलगद वर.

"म्हैस दूध द्यायची. हे काय देतंय?" बायको, नर्मदाबाई, विचारायची.

"पहिली गाडी तर चढू दे!"

रोज चहाच्या आधी तो रॉकेलनं आटे पुसून नवं ग्रीस भरायचा.

"माझ्या डोक्याला कधी एवढं तेल लावलं न्हाई," नर्मदाबाईचा टोमणा ठरलेला.

लिफ्ट म्हटलेलं कोणाला कळणार, म्हणून दारावर त्यानं गेरूनं लिहिलं, 'उचल मिळेल'. आमच्याकडं उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, हे त्या बहाद्दराच्या ध्यानातच आलं नाही.

पहिली गाडी आमचीच आली. जुनी जीप, गिअर पडेना, आणि रात्री चुडाव्याला प्रयोग. बघायला गल्ली लोटली. आश्रुबानं खांबावरून बोट फिरवलं. ग्रीसमध्ये पिवळी चमक.

"गाडी पेलणारा आतला पितळी नट झिजलाय. गाडी चढवायची न्हाई."

आमचे मालक पंडितराव भडकले. "अरे, एवढी माणसं बघायलीत! आज न्हाई चढली, तर उद्या कुत्रं यायचं न्हाई तुझ्या दारात."

"न्हाई आलं तर न्हाई. खाली मला निजायचंय, मालक."

एवढ्यात सरकीच्या कारखान्याकडं निघालेली मजुरांची टोळी दारात थबकली. मुकादम सूर्यभाननं आवाज दिला, "मिस्त्री, उचल कुठं मिळायलीय?"

गल्ली खदखदली. आश्रुबा कानापर्यंत लाल. "इथं गाडीला मिळती हो, माणसाला न्हाई!"

सूर्यभाननं त्या उभ्या खांबांकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं आणि धोतर खोचलं. "मंग गाडीला आमीच देतो की! लावा रे हात!"

आधी पुढून, मग मागून त्यांनी जीप उचलली. आश्रुबानं चाकांखाली सागवानी ठोकळे सरकवले, हलवून पाहिले आणि मगच खाली शिरला. दुपारी गिअर पडला. चुडाव्याला आमचा पडदा वेळेवर वर गेला.

आम्ही परतलो तेव्हा नर्मदाबाई लग्नातला पितळी हंडा घेऊन ओताऱ्याकडं निघाली होती.

"म्हैस गेली, आता हंडाबी जाऊ द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "पण ते वर चढलंच पाहिजे!"

तो हंडा वितळवून त्यातून नवा नट ओतून आला. आमचीच जीप पुन्हा आणली. आश्रुबानं हँडल धरलं. नर्मदाबाई पदर खोचून जरा अंतरावर उभी. जीप वर गेली आणि वरच राहिली. मी तर रंगमंचावर असल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

"आता ते दारावरचं पुसा," नर्मदाबाई म्हणाली.

आश्रुबा ग्रीस चाचपत होता. "राहू दे. पुन्हा नट झिजला तर उचलायला माणसं लागतील."