अळंबी टाकून देताना

पिशवीत हात घातला, तेव्हा बोटांना आधी फ्रिजचा गारवा लागला आणि मागोमाग एक चिकट बुळबुळ. चार दिवसांपूर्वी बेळगावच्या बाजारातून आणलेली ही अळंबी किती शुभ्र, किती घट्ट होती! वहिनीला सातवा महिना. तिला तीच खावीशी वाटत होती. मी ती स्वच्छ धुतली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली. स्वच्छतेचाही कधी अपराध होतो का?

आता अळंबीवर काळपट डाग होते, वास आंबूस होता. पण मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. टाकलेला घास म्हणजे राबणाऱ्याच्या घामाचा अपमान, हे वाक्य मीच पत्रकात लिहून गल्लीभर वाटलेलं. ते लिहिणारे हात अन्न उकिरड्यावर कसे टाकतील? मी कढईत तेल ओतलं.

तेवढ्यात शेजारच्या शांताक्का आल्या. त्या माहेरी, खानापूरकडे, भाताच्या पेंढ्यावर अळंबी पिकवायच्या. त्यांनी एक उचलून बोटांत चोळली.

"धुऊन कोंडलीस व्हय गं? नासली की ही!"

"आक्का, शिजवलं की जंतू मरतात."

"जंतू मरत्याल. त्येनी सोडलेलं इख मरतंय व्हय? पत्रकं लई लिवतीस, वाईच नाक बी वापर की!"

दारातून वहिनी हसली. "मला सकाळीच वास आलता, आक्का. पण हिचं पत्रक वाचलंय न्हवं! टाक म्हणायचं धाडस न्हाय झालं."

मी गॅस बंद केला. माझ्या तत्त्वाचा मान राखायला ती पोटातल्या बाळासह तो घास गिळणार होती! ज्या वाक्यापुढे घरातलं माणूस नाक मुठीत धरून गप्प बसतं, ते वाक्य कितीही न्यायाचं असलं तरी त्याला मोकळी हवा हवीच ना? अळंबी परसातल्या खताच्या खड्ड्यात गेली, आणि अपमान वाटण्याऐवजी मी सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला!

आक्कांनी मग रीत सांगितली. आधी धुवायची नाही, माती कोरड्या फडक्याने पुसायची. कोऱ्या कागदी पिशवीत, तोंड सैल ठेवून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दोन-चार दिवसांत संपवायची. बुळबुळ, आंबूस वास किंवा काळे डाग दिसले, की मोह सोडायचा.

रविवारी ताजी अळंबी आणली आणि चिरण्याआधी ताट वहिनीपुढे धरलं. तिने एकेक उलटून पाहिली, हुंगली, दोन बाजूला काढून माझ्याकडे भिरकावल्या.

"ह्या न्हाय चालायच्या," ती ठणकावून म्हणाली. इतकं गोड 'न्हाय' मी आजवर ऐकलं नव्हतं.