आठ सिलिंडरची भूक

इंजिन उघडून परत बांधलं की ताटलीत एखादा नट उरतोच. कुठला ते कळत नाही, गाडी तर चालते, मग टाकायचा डब्यात. तसेच किस्से. जन्मभर गॅरेज चालवलं, आता डब्यात नटांपेक्षा किस्सेच जास्त. लोक हसायला म्हणून मागतात. सांगते. पण हसून झाल्यावर माझ्या तोंडाकडं बघू नका.

पौडला आमचं गॅरेज. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, "शेवंताबाई, हत्यारं विकून टाका." मी हत्यारं हातात घेतली! शाळेत एक दिवस गेले नाही. अक्षरं शिकले ती स्पेअर पार्टच्या खोक्यांवरून. पुण्याचे फिटर माझं काम बघून गप्प व्हायचे. हे मीच सांगून ठेवते, कारण ते सांगणार नाहीत.

आमच्या भागात जुन्या गाड्या तीन. धरणावरचे साहेब जाताना विकून गेले त्या. आबांची आठ सिलिंडरची अमेरिकन, हसनभाईंची उघड्या टपाची, आणि गुरुजींची छोटी विलायती. पेट्रोल स्वस्त होतं तोवर तिघं राजे. त्र्याहत्तरच्या सुमाराला भाव भडकले आणि राजे पायउतार व्हायला लागले.

शहाणी माणसं जुन्या गाड्यांत डिझेल इंजिन टाकून घ्यायला लागली. डिझेल स्वस्त. आबा मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "शेवंता, मी जिता हाय तवर हिचं इंजिन कुनी बदलायचं न्हाई. शबूद दे."

मी दिला.

*

पुण्याहून येताना पिरंगुटच्या घाटमाथ्यावर आबा इंजिन बंद करायचे आणि गाडी उतारावर सोडून द्यायचे. ब्रेक लावायचा नाही. ब्रेक लावला तर वेग जातो, वेग गेला तर पेट्रोल जातं!

एकदा शेजारी माई, त्यांची बायको. वाटेत बाई करवंदं घेऊन बसलेली. माई म्हणाल्या, "थांबवा की जरा."

"थांबलो तर परत सुरू करावी लागंल. चालतीतून घे!"

माईंनी हात बाहेर काढून द्रोण उचलला. गाडी पुढं गेली, पैसे द्यायचे राहिले, ती बाई बोंबलत मागं. दुसऱ्या दिवशी माई एस.टी.नं जाऊन पैसे देऊन आल्या. आबांना म्हणाल्या, "एस.टी. थांबती हो. मानसासारखी थांबती!"

त्या गाडीत त्या परत बसल्या नाहीत.

*

पंप तेव्हा पार पुण्याच्या वेशीवर. पेट्रोल आणायला जायचं तर जाण्यायेण्यातच पेट्रोल संपायचं. गुरुजींनी हिशेबी डोकं लावलं. गाडी घरी ठेवली आणि जेवणाच्या डब्यातून पेट्रोल घेऊन एस.टी.त बसले!

कंडक्टरनं नाक वर केलं. "गुरुजी, डब्यात काय?"

"आमटी."

कंडक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं दार उघडलं, दोन बोटांनी डबा उचलून खाली ठेवला आणि हात जोडले. "गुरुजी, हिला फोडनी खालीच द्या. वर पन्नास पाशिंजर हायेत."

गुरुजी डबा हातात धरून चांद्याच्या फाट्यापासून गावापर्यंत चालत आले. त्यानंतर त्यांची गाडी आंब्याखाली उभी राहिली ती राहिलीच. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली. मी विचारलं, "गुरुजी, विकायची का?"

"नको. आजवर नुसती घेत होती. आता कुठं काही द्यायला लागलीय."

*

हसनभाईंचं धान्याचं दुकान. त्यांची उघडी गाडी म्हणजे पंचक्रोशीची नवरदेवाची गाडी. हिंदू असो, मुसलमान असो, नवरदेव मिरवणार तिच्यातूनच. पण वरात चालते मुंगीच्या पायानं. पहिल्या गिअरमध्ये तासन्‌तास इंजिन तापायचं आणि टाकी रिकामी व्हायची. हसनभाई भाडं वाढवतील तर लोक ट्रॅक्टर सांगणार.

मग त्यांनी तोड काढली. गाडीला पुढून बैलजोडी जुंपायची! शिंगांना गोंडे, पाठीवर झूल, इंजिन बंद. लोकांना वाटलं नवीन फॅशन.

एका लग्नात बँडवाल्यानं बैलांच्या कानाशी ट्रम्पेट फुंकली. बैल उधळले. त्यांना मांडव कुठं माहीत? त्यांना आपला गोठा माहीत! नवरदेव मुंडावळ्यांसकट सुटला तो थेट गव्हाणीसमोर. मांडवात मुहूर्त टळायला आलेला. नवरीची आई हसनभाईंना म्हणाली, "भाई, जावई तिकडंच बांधलाय का सोडून देताय?"

सगळा गाव आठवडाभर हसला. हसनभाई हसले नाहीत. त्या सीझनला त्यांना पुढचं एकही लग्न मिळालं नाही.

*

दसऱ्याला तिन्ही गाड्या धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या आणि ओळीनं सीमोल्लंघनाला जायचं. पहिल्या वर्षी धरणाच्या भिंतीपर्यंत. भाव वाढले, माले गावापर्यंत. आणखी वाढले, नदीच्या पुलापर्यंत. मग वेशीवरच्या पिंपळापर्यंत.

एका दसऱ्याला आबांची गाडी दारातून दोन हात पुढं ढकलली, नारळ फोडला, परत मागं ढकलली.

मी म्हटलं, "आबा, सीमा कुटं ओलांडली?"

"सीमाच आत आलीया, शेवंता."

*

आबांचा मुलगा दत्ता. वाईट नव्हता, संसारानं पिचलेला होता. त्यानं बापाला चोरून टाकीत रॉकेल मिसळलं. गाडी खोकली, धूर ओकली आणि बंद पडली. आबांनी बोनेटवर हात ठेवला, वास घेतला आणि ओरडले, "दत्त्या! घरच्या म्हातारीला रॉकेल पाजशील का रं?"

आतून माई गरजल्या, "घरची म्हातारी चूल पेटवाया त्येच रॉकेल हुडकतीया! रेशनच्या लायनीत तीन तास उभी व्हते मी!"

कार्ब्युरेटर साफ करायला मला दोन दिवस लागले. माईंची चूल दोन दिवस काटक्यांवर चालली. मजुरी मी मागितली नाही, माईंनीही नाही.

*

ऐंशीच्या आसपास पुन्हा भाव चढले आणि हसनभाईंनी गाडी भंगारवाल्याला बोलावून दाखवली. तो गॅसकटर घेऊनच आला. मी तिथंच होते. पहिला कट मारणार तेवढ्यात हसनभाई म्हणाले, "थांब. टाकीत पेट्रोल हाय. त्ये माझं हाय."

रबरी नळी लावून त्यांनी शेवटचा थेंब उतरवून घेतला. निम्मा डबासुद्धा भरला नाही. मागं गाडी कापली जात होती आणि ते डबा घेऊन उभे. कुठं ओतणार?

आबांच्या दारात गेले आणि त्यांच्या गाडीत ओतलं. म्हणाले, "आबा, माझी वरात आता तुमच्या गाडीतनं."

आबांनी गाडीचं दार उघडलं. हसनभाईंना शेजारी बसवलं, गाडी सुरू केली आणि ते पेट्रोल संपेपर्यंत दोघं अंगणात बसून राहिले. गाडी जागची हलवली नाही. नुसतं इंजिन ऐकत होते.

*

आता शेवटचा.

काचबिंदूनं आबांचे दोन्ही डोळे गेले. पडवीत बाजेवर पडून असायचे. माई गेल्या होत्या. दत्ताला तीन पोरी. एक दिवस तोच भंगारवाला आबांच्या अंगणात गाडीभोवती फिरताना मी पाहिला आणि दत्ताची कॉलर धरली.

"मग काय करू, काकू? पेट्रोल पाजू का पोरींना दूध पाजू? डिझेल इंजिन टाकलं तर पौड-पुणे वडाप तरी करीन. सीटा भरतील. न्हाईतर कापाया देतो."

कापायची का बदलायची? मी रात्रंदिवस शिव्या दिल्या. दत्ताला, पेट्रोलला, सरकारला, मला. मग दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चार दिवस त्याच अंगणात, चेनपुली लावून, मी माझ्या हातानं त्या आठ सिलिंडरांचं इंजिन बाहेर काढलं आणि मोडीतल्या ट्रकाचं डिझेल इंजिन आत बसवलं.

आबा रोज बाजेवरून विचारायचे, "काय चाललंय गं?"

"साफसफाई, आबा."

"कर, कर. तुझा हात हाय म्हून मला घोर न्हाई."

चौथ्या दिवशी सकाळी दत्तानं चावी फिरवली. धडधडधड करत सगळं अंगण हादरलं, पत्रे वाजले, काळा धूर पडवीत शिरला. आबा बाजेवर उठून बसले.

"शेवंता! कुनाचा ट्रक घुसलाय गं अंगनात?"

दत्ता स्टिअरिंग धरून खाली बघत होता.

"त्येला म्हनावं लांब लाव! माझ्या गाडीला धक्का लागंल."

मी दत्ताला उठवलं, त्याच्या जागी बसले आणि रिव्हर्स टाकला.

"लावते, आबा," मी म्हणाले, आणि गाडी अंगणाबाहेर काढली.