टाळू न दाखवणारा फोन

बरोबररावांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण उन्हाने पाटीचा रंग पार उडाला होता आणि ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. खुर्चीत बसलेला माणूस काहीही बोलला की "अगदी बरोबर" म्हणायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांचं हे बारसं केलं होतं. सकाळी एकाने महागाईने कंबरडं मोडलं म्हटलं की अगदी बरोबर, आणि दुपारी दुसऱ्याने लोकांकडे पैसा उतू चाललाय म्हटलं तरी अगदी बरोबर. यात लबाडी नव्हती हो. ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा फिरतोय त्याच्याशी वाद घालू नये, एवढीच साधी अक्कल होती, आणि तेवढीही पुष्कळांना नसते.

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. खुर्च्या दोन, त्यातली एक वर-खाली व्हायची थांबलेली, म्हणून तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा बसलेला. समोर भिंतीवर मोठा आरसा आणि खिळ्याला अडकवलेला एक हातातला गोल आरसा. या गोल आरशाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यापायी झाला.

केस कापून झाले की हा आरसा गिऱ्हाइकाच्या मागे धरायचा आणि मागची बाजू दाखवायची. काम दोन सेकंदांचं. पण बरोबररावांना धंदा शिकवणाऱ्या मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिऱ्हाइकाला मान दाखवायची, टाळू नाही. आपली टाळू आपल्याला दिसत नाही ही देवाची दया आहे, आपण मध्ये तोंड घालू नये. बरोबररावांनी हा शब्द असा पाळला की प्रत्येक डोक्यासाठी त्यांच्या मनगटाचं वेगळं वळण ठरून गेलं. औषधांच्या दुकानाच्या मालकांच्या, म्हणजे केमिस्टच्या, टाळूवर बशीएवढी जागा मोकळी झाली होती. त्यांना आरसा खाली आणि जरासा डावीकडे. निवृत्त हेडसर घरीच केसांना कलप लावत आणि हात मागे पोचत नसे, त्यामुळे पुढून कोळसा आणि मागून कापूस. त्यांना आरसा दाखवला न दाखवला असा. लेथ कारखान्यातल्या फोरमनच्या मानेवर तीन वळ्या पडत, त्यांना कानाच्या बाजूने. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशा या झाकल्या टाळू. तिघंही पायरी उतरताना पाच वर्षांनी लहान होऊन उतरत आणि बरोबरराव फडकं झटकत त्यांच्याकडे बघत राहत.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि समोर काचेचं सलून आलं. आत थंडगार हवा, गाणी, काळे टी-शर्ट घातलेली पोरं. घरबसल्या फोनवर नंबर लावायचा, आणि केस झाले की चारही बाजूंनी फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवणार. बघता बघता बरोबररावांची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडून गेली. शाळेची पोरं आणि येणारे-जाणारे यांच्यावर भाडं निघत होतं, पण जुनी अशी ही तीनच डोकी उरली. ही तीन गेली तर सकाळी शटर वर करायचं कशाला, असं बरोबररावांना मनापासून वाटे.

आणि त्या तिघांनीच एका रविवारी विषय काढला. बरोबररावांकडे बटणांचा फोन होता, तोही रबराने बांधलेला. हेडसर म्हणाले, पाऊण तास ताटकळलो, स्मार्टफोन घ्या म्हणजे आम्हाला नंबर लावून येता येईल. फोरमन म्हणाले, जमाना बदललाय. केमिस्ट म्हणाले, आणि फोटो पण काढत जा, नाहीतर... एवढं बोलून त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, नुसतं समोरच्या काचेकडे पाहिलं. बरोबरराव म्हणाले, अगदी बरोबर.

घरी बायकोला सांगितलं. ती बस स्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना गाडी गेली, गाडी नाही, जागा नाही हेच सांगत असल्यामुळे 'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला होता. तिने कपाटातून बारा हजार काढून पाकिटात घातले, पाकिटावर 'फोन' असं लिहिलं आणि सांगितलं की बारा म्हणजे बारा, वर एक पैसा मागायला यायचं नाही.

मग सल्ल्यांचा महापूर आला. अक्षरं मोठी पाहिजेत, पडदा वहीएवढा हवा, असं हेडसरांनी सांगितलं आणि फोनचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. फोरमन म्हणाले, अक्षरं काय चाटायची आहेत, बॅटरी बघा. त्यांची दुसरी चिठ्ठी. केमिस्टने दोघांनाही वेड्यात काढलं. फोन म्हणजे कॅमेरा, बाकी सगळं थोतांड, असं म्हणून त्यांनी तिसरी चिठ्ठी दिली आणि खिशातून स्वतःचा नवा कोरा फोन काढून बरोबररावांच्या हातात ठेवला. म्हणाले, माझा मागून एक फोटो काढा, म्हणजे कॅमेरा कशाला म्हणतात ते कळेल.

बरोबररावांनी फोन केमिस्टच्या डोक्यामागे धरला. पडद्यावर ती बशी अशी काही लखलखत होती की खुद्द त्यांनीही ती इतकी स्पष्ट कधी पाहिली नव्हती. आता आली का पंचाईत! आरशाला मनगट असतं, फोटोला काय असतं? त्यांनी चटकन फोन खाली घेतला आणि केमिस्टच्या कानाचा फोटो काढला. केमिस्ट म्हणाले, हे काय, कान? बरोबररावांनी हात थरथरतो म्हणून सांगितलं. ज्याच्या हातात रोज वस्तरा असतो त्याने हे सांगितल्यावर केमिस्ट जरा सावरून बसले.

त्या दिवसापासून बरोबररावांची झोप उडाली. फोन घेतला नाही तर गिऱ्हाइकं जाणार, आणि घेतला तर फोटो काढावा लागणार. मग तीस वर्षांत त्यांनी काय काय लपवलं ते तिघांनाही एका झटक्यात दिसणार. म्हणजे हात दाखवून अवलक्षण! बायको म्हणाली, साठीच्या माणसाला टक्कल असतंच, सरळ सांगून टाका. बरोबरराव म्हणाले, अगदी बरोबर, आणि कूस बदलून पडून राहिले.

आज घेतो, उद्या घेतो करत तीन आठवडे गेले. एका गुरुवारी ते दाराशी कात्री पुसत उभे होते, आणि समोरच्या काचेआड त्यांना केमिस्ट दिसले. गळ्याभोवती काळं कापड, डोकं खाली, आणि मागे एक पोरगा फोन रोखून उभा. बरोबररावांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांना राग नाही आला, रडू आलं. संध्याकाळी घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, उद्या तुझी सुट्टी आहे ना, चल, फोन घेऊन टाकू.

फोनच्या दुकानात एक तरतरीत विक्रेता पुढे आला. वय पंचविशीचं, केस जेल लावून उभे केलेले. त्याने विचारलं, आधी काय बघू या, बॅटरी, पडदा की कॅमेरा? बरोबरराव म्हणाले, कॅमेरा. पोरगा खूश झाला आणि चार खोके काढून ओळीने मांडू लागला.

बरोबरराव म्हणाले, "वाईट पाहिजे."

"साहेब, चांगला म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही. वाईट."

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. संसाराला सव्वीस वर्षं झाली, 'नाही' हा शब्द तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तोही न अडखळता.

विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक किमतीला घाबरतंय. त्याने सगळ्यात भारी फोन बरोबररावांच्या हातात दिला, म्हणाला, बारा हजारांत असा कॅमेरा कुठे मिळणार नाही, काढून तर बघा. आणि स्वतः खालच्या कप्प्यातलं आणखी एक खोकं काढायला वाकला. सवय ती सवय. समोर वाकलेलं डोकं दिसल्यावर बरोबररावांनी त्याचाच फोटो काढला. विक्रेता उठला, हसत हसत पडद्यावर वाकला, बोटांनी चित्र मोठं केलं, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"हे कोण?"

बायको म्हणाली, "तुम्हीच. शर्ट तुमचाच आहे."

बिचारा स्टुलावर बसला. एका हाताने फोन धरलेला, दुसरा हात डोक्यामागे चाचपतोय. लग्न ठरायचंय हो माझं, एवढंच त्याच्या तोंडून आलं. बायकोच्या जिभेवर काय आलं होतं ते बरोबररावांनी ओळखलं आणि तिच्या पायावर हलकेच पाय ठेवला. मग त्या पोराच्या डोक्याशी जाऊन त्यांनी दोन बोटांनी केस बाजूला केले, अगदी डॉक्टरासारखं निरखून पाहिलं आणि सांगितलं की हा तर भोवरा आहे. भोवऱ्यात केस गोल फिरतात, म्हणून मधली जागा दिसते. त्यात हे दिवे डोक्यावर, आणि हा कॅमेरा नको तिथे हुशारी करणारा.

"म्हणजे कॅमेऱ्याची चूक?"

"अगदी बरोबर."

पोराच्या जिवात जीव आला, आणि त्यानंतर त्याने जो फोन शोधला तो केवळ आत्मीयतेने शोधला. आतल्या खोलीत गेला, धूळ बसलेलं एक खोकं घेऊन आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, हा घ्या, याच्या कॅमेऱ्याबद्दल लोक इथे येऊन भांडून गेलेत. पडदा मोठा, अक्षरं दाण्यासारखी टपोरी. बॅटरी दोन दिवस हलायची नाही. किंमत आठ हजार सातशे. बरोबररावांनी पुन्हा पोराची टाळू टिपली. पडद्यावर एक मऊ काळपट ढग आला. तो ढग पोराने बराच वेळ पाहिला आणि हा फोटो मला पाठवता का, असं विचारलं. उरलेले तीन हजार तीनशे बायकोच्या हातात पडले तेव्हा तिने नवऱ्याकडे संशयाने पाहिलं, कारण ठरलेल्या रकमेतून कधी काही परत येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

रविवारी हेडसरांनी अक्षरं वाचून पाहिली आणि आपलाच सल्ला ऐकला म्हणून समाधानाने मान डोलावली. फोरमननी बॅटरी विचारली आणि तेही याच समजुतीत गेले. केमिस्ट मात्र आले नाहीत. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. त्यांची चिठ्ठी कंगव्यांच्या खणात तशीच होती, आणि खण उघडला की बरोबररावांना ती टोचायची.

तिसऱ्या रविवारी दुपारी, दुकानात कुणी नसताना, केमिस्ट आले. डोक्यावर टोपी. खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, थोडे बारीक करा.  कात्री चालली. समोरच्या सलूनने कडेचे केस वाकडेतिकडे सोडले होते, ते त्यांनी गुपचूप सरळ केले.

काम संपत आलं तेव्हा केमिस्टने विचारलं, फोन घेतलात म्हणे. बरोबररावांनी फोन दाखवला आणि कबूल केलं की तुमच्या चिठ्ठीतला नाही घेतला, याचा कॅमेरा काही बरा नाही. केमिस्ट म्हणाले, काढा तर खरा फोटो. मागून काढा.

बरोबररावांनी फोन धरला. या वेळी हात खरोखरच थरथरला, आणि फोटो निघाला. काळपट ढग, खाली मानेची स्वच्छ सरळ रेघ. केमिस्टने फोन हातात घेतला आणि चष्मा वर करून, खाली करून, किती तरी वेळ पाहिला.

"भिकार कॅमेरा आहे," ते म्हणाले. "हा फोन बदलू नका."

मग मांडीवरची टोपी बोटांत फिरवत त्यांनी सगळं सांगितलं. समोरच्या सलूनच्या पोराने काढलेला फोटो त्यांनी तिथूनच हौसेने घरी पाठवला होता. बायकोचं उत्तर आलं, हे तर पंधरा वर्षं दिसतंय, तुम्हाला आज कळलं? मुलीने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना धाडला. चार दिवस घरात हसणं चाललं होतं. त्यांनाही हसावं लागलं, पण आतून फार लागलं. त्यानंतर रात्री त्यांनी दोन आरसे घेऊन स्वतःचं डोकं पाहायचा प्रयत्न केला, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की बशी लपवायची तर आरसा केवढा जपून धरावा लागतो.

"पंधरा वर्षं, बरोबरराव," ते म्हणाले. "एकदाही चुकला नाहीत."

 बरोबररावांनी मानेवरचे केस ब्रशने झटकले, जरा जास्तच वेळ झटकले, आणि खिळ्यावरचा गोल आरसा काढला. तो हातात धरून ते केमिस्टच्या मागे उभे राहिले. मनगट कसं वळवायचं तेच त्यांना कळेना. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं?

"आता कसा धरू?" त्यांनी विचारलं.

केमिस्टने समोरच्या मोठ्या आरशात पाहिलं, मान ताठ केली आणि म्हणाले, "नेहमीसारखा."

"अगदी बरोबर," बरोबरराव म्हणाले, आणि आरसा खाली आणि जरासा डावीकडे धरला.