सेप टीसडेलनं दिलेलं पाकीट

माझा नवरा सेप्टिमस टीसडेल याला इंग्लंडातले निम्मे लोक मूर्ख म्हणून ओळखत होते आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. मी इडा, त्याची बायको. चोपन्न वर्षं त्याच्याबरोबर काढली, तेव्हा तो कुठे मूर्ख होता आणि कुठे नव्हता हे मला विचारा. घराची किल्ली तो दर आठवड्याला हरवायचा. त्यानं पैज लावली की घोडा हमखास लंगडायचा. पण ज्या मूर्खपणासाठी तो प्रसिद्ध झाला, तो त्यानं केलाच नव्हता. आता तो नाही, म्हणून सांगते. त्याला आवडलं नसतं.

सातवं पोर म्हणून सेप्टिमस, लॅटिनमध्ये सातवा. आईबापांची नावं सुचवायची हौस तिथवर संपली असावी. चौदाव्या वर्षी कोल्डबर्नच्या खाणीत उतरला आणि आठवडाभर जमिनीखाली कोळसा फोडायचा. शनिवार-रविवार मात्र तपकिरी सूट घालून खाणकामगारांच्या मायनर्स क्लबच्या स्टेजवर उभा राहायचा. क्लबचा कार्यक्रम चिटणीस होता तो. गायक, जादूगार, विनोद सांगणारे, कुत्र्यांना नाचवणारे, कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही हे तो ठरवायचा. एखादी बाई प्रेमाचं गाणं म्हणत डोळ्यांत पाणी आणून उभी असली तरी हा मध्येच माइक घ्यायचा आणि सांगायचा, "शांतता राखा, मटणाच्या गरम पाई आल्यात." पाई संपेपर्यंत प्रेम थांबायचं. बिंगोच्या, म्हणजे हाउझीच्या वेळी तर कुणी खोकलं तरी चारशे माना वळायच्या.

क्लबचा एक रिवाज होता. कलाकार दोन भागांत कार्यक्रम करायचा. पहिला भाग पडला, तर चिटणीस मध्यंतरातच ठरलेले पैसे पाकिटात घालून त्याच्या हातात द्यायचा, आभार मानायचा आणि दार दाखवायचा. याला आम्ही 'पाकीट देणं' म्हणायचो. पाकीट मिळालं की चारचौघांत नाक कापलं जायचं, पण तेवढंच. कलाकार स्वतःहून दुसरा भाग सोडून गेला तर मात्र धडगत नव्हती. सोमवारी सगळ्या डरहॅम जिल्ह्यातल्या क्लबांना चिठ्ठ्या जायच्या, आणि त्याला पुन्हा कुठलंही स्टेज मिळायचं नाही.

आता 'द मॅराज'बद्दल. हो, तेच. तुमच्या घरातही त्यांची एखादी तबकडी असेल. खाणीत जोडीनं काम करणाऱ्या सोबत्याला आमच्याकडे 'मॅरा' म्हणतात. छत खचलं तर जो तुम्हाला ओढून बाहेर काढतो, तो मॅरा. हे नाव त्या चार गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांनी घेतलं, आणि चौघांचा म्होरक्या होता व्हिन्स लाउदर. तो खाटकाच्या दुकानात कामाला होता आणि कोळशाशी त्याचा संबंध घरच्या शेगडीपुरता. क्लबच्या वरच्या खोलीत त्यांना तालमीला जागा कुणी दिली? सेपनं. शेजारपाजारचे कटकट करायला आले की कोण सांगायचं, "पोरं आहेत, दारू पिण्यापेक्षा बरं"? सेपच.

१९६५च्या नोव्हेंबरातला शनिवार. त्या रात्री कार्यक्रम द मॅराजचा होता आणि पहिला भाग सुरू व्हायचा होता. मी स्टेजमागच्या अडगळीत, बाटल्यांच्या खोक्यावर बसून बिंगोची तिकिटं फाडत होते. व्हिन्स धापा टाकत आला, मागोमाग सेप.

"सेपकाका, न्यूकॅसलहून फोन आलाय. लंडनचा रेकॉर्डवाला तिथल्या डान्स हॉलमध्ये बसलाय, आणि आज वाजवणारे आलेच नाहीत. नऊच्या आत पोचलो तर आम्हाला ऐकतो म्हणतोय."

"मग दुसरा भाग कोण करणार इथं? माझी आत्या?"

"आम्ही निघून जातो काका. काय व्हायचं ते होऊ दे."

"काय व्हायचं ते मी सांगतो. लंडनवाल्यानं नाक मुरडलं की सोमवारपासून तुम्ही मेंढरांपुढे वाजवायचं."

व्हिन्स एकोणीस वर्षांचा होता. तो रडायच्या बेतात होता, आणि मला तेव्हा त्याची दया आली. ती दया मला परत मिळाली असती तर बरं झालं असतं. सेपनं डोकं खाजवलं.

"एक वाट आहे. मी तुम्हाला पाकीट देतो."

"पाकीट? आम्हाला? आम्ही काय एवढे वाईट आहोत?"

"आज व्हा की! तीन गाणी अशी वाजवा की कमिटीनं मला हात जोडले पाहिजेत. आठाला तुम्ही मोकळे. पण हे बाहेर फुटलं तर कमिटी मला लाथ घालून काढेल. तेव्हा तोंड शिवून ठेवायचं."

व्हिन्सनं त्याचे दोन्ही हात धरले. "मरेपर्यंत विसरणार नाही, काका."

पोरांनी तीन गाण्यांची पार माती केली. सेप स्टेजवर चढला, पाकीट दिलं आणि म्हणाला, "आभारी आहोत, पोरांनो. मंडळी, आज बिंगो जरा लवकर." असा टाळ्यांचा कडकडाट त्या हॉलनं कुणासाठीच केला नव्हता. आठ वाजून पाच मिनिटांनी त्यांची मटणाची गाडी, तीही व्हिन्सच्या मालकाकडून मागून आणलेली, न्यूकॅसलच्या रस्त्याला लागली होती. लंडनवाल्यानं त्यांना ऐकलं. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे.

गाणी बरी होती. हे मी कबूल करते आणि कबूल करताना माझे दात दुखतात. पुढच्या वर्षी पहिली तबकडी निघाली, मग अमेरिका, मग तळं असलेलं घर. खाणीवर त्यांनी पाच गाणी केली आणि व्हिन्स ती गाताना तोंडाला काजळी फासायचा. लोक रडायचे. आमच्या न्हाणीघरात खरी काजळी रोज बादलीभर निघायची, तिच्याकडे पाहून कुणी रडल्याचं मला आठवत नाही.

१९७१ साली व्हिन्स टीव्हीवर मुलाखतीत बसला. सुरुवातीला कुणी तुम्हाला नाकारलं का, असं त्याला विचारलं. त्यानं पाय पसरले आणि गोष्ट रचली. म्हणे गावाकडच्या क्लबात एक ढेरपोट्या खाणवाला होता, त्यानं आम्हाला मध्येच थांबवलं आणि म्हणाला, पोरा, तुझ्यात काही नाही, जा खाणीत, बिंगोची वेळ झाली. सगळे हसून हसून लोळले. सेप त्या वेळी काडीसारखा होता.

मी उठून टीव्ही बंद केला. सेपनं तो पुन्हा लावला.

"अगं, शब्द पाळतोय तो. खरं सांगितलं असतं तर उद्या कमिटीनं मला धरलं असतं."

"शब्द पाळायला गप्प बसता येतं, सेप. ढेरी कशाला लावावी लागते?"

गोष्ट जिथं तिथं गेली. व्हिन्स ती दरवर्षी सांगायचा आणि दरवर्षी ढेरी वाढायची. वर्तमानपत्रात 'शतकातल्या दहा घोडचुका' अशी यादी आली, त्यात आमचा सातवा नंबर. बसमध्ये अनोळखी माणसं विचारायची, "काय बिंगोशेठ, आज कुणाला हाकललं?" एकदा पाकिटावर नुसतं 'कोल्डबर्नचा मूर्ख' एवढा पत्ता घालून पत्र आलं, आणि पोस्टमननं ते बरोबर आमच्या दारात टाकलं. त्या पोस्टमनशी मी आजही बोलत नाही. कमिटीतले म्हातारे एकेक करून मेले, शब्द पाळण्याचं कारण उरलं नाही, तरी व्हिन्सची गोष्ट बदलली नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्याला मेल्यावरही जोडे मारत होते.

हेही मी गिळलं असतं. पण चौऱ्याऐंशी साली सरकारनं खाणी बंद करायला घेतल्या आणि आम्ही वर्षभर संप केला. क्लबच्या स्वयंपाकघरात मी आणि सहा बाया रोज तीनशे माणसांचं जेवण रांधत होतो, आणि हिवाळ्यात बटाटेही मिळेनात. तेव्हा सेपनं आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं व्हिन्सला पत्र लिहिलं. जुन्या गोष्टीचं अक्षर नाही. फक्त, एक संध्याकाळ ये, गावासाठी गा. पत्र चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं.

दीड महिन्यानं एक जाड लिफाफा आला. आत व्हिन्सचा सही केलेला फोटो. 'प्रिय सेब यास, शुभेच्छा.' नावही धड नाही. त्याच आठवड्यात व्हिन्सनं टीव्हीवर ढेरपोट्याची गोष्ट सांगितली, आणि स्वयंपाकघरात ताटं धरून उभ्या असलेल्या माणसांनी ती पाहिली. कुणी हसलं नाही. सेपनं तो फोटो चुलीत घातला. त्या दिवसापासून व्हिन्सचं गाणं रेडिओवर लागलं की तो उठून अंगणात जायचा, पाऊस असला तरी.

संप हरलो, खाण गेली. गाव निम्मं रिकामं झालं. २०११ साली नगरपालिकेला जाग आली की आपल्याकडे विकण्यासारखं काहीतरी आहे. क्लबच्या भिंतीवर पाटी लावायचं ठरलं: 'द मॅराज यांचा जन्म इथे झाला.' पाटी उघडायला खुद्द व्हिन्स येणार, टीव्हीवाले येणार, आणि 'तो सुप्रसिद्ध चिटणीस' व्हिन्सशी हात मिळवणार. सेप एक्याऐंशीचा होता.

"जाणार आहेस?" मी विचारलं.

"आपला क्लब आहे. मी का जाऊ नये?"

मी मनाशी ठरवलं, हा माणूस मूर्ख म्हणून मरणार नाही. चाळीस वर्षं ऐकून घेतलं, आता नाव धुऊन घेतल्याशिवाय व्हिन्सला सोडायचं नाही. कार्यक्रमाआधी व्हिन्स कमिटीच्या खोलीत चहा पीत बसला होता. मी आत गेले आणि दार लावून त्याला पाठ टेकली.

"इडाकाकू! काय तब्येत आहे तुमची! ओळखलंच नाही."

"काकू म्हणू नकोस. आज खरी गोष्ट सांगायची, नाहीतर माइक मी घेते. त्या अडगळीत मी होते, विसरलास?"

त्यानं कप खाली ठेवला. "काकू, लोकांना ती गोष्ट आवडते हो. कुणाला त्रास झाला त्यात?"

"माझ्या घरात ये, दाखवते."

त्यानं कप पुन्हा उचलला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. "अडगळीतलं गुपित," तो म्हणाला. "सेचाळीस वर्षं जपलेलं. काकू, ही तर जास्त चांगली गोष्ट आहे!" आणि दाराबाहेर जाऊन तो टीव्हीवाल्या पोरीच्या कानाला लागला. मला त्याला तिथंच थोबाडावंसं वाटलं. पण मला हवं होतं ते मिळत होतं, म्हणून मी गप्प राहिले.

हॉल भरला होता. निम्मे पाहुणे, निम्मे कोल्डबर्नचे. व्हिन्सनं सगळं सांगितलं. फोन, अडगळ, पाकीट. रुमालही काढला त्यानं, अगदी कॅमेऱ्याकडे तोंड करून. "हा माणूस नसता तर आम्ही नसतो," तो म्हणाला. "आमचा खरा मॅरा हा!" पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, लपवत नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं.

सेप काठी टेकत माइकपाशी गेला. टाळ्या थांबेपर्यंत थांबला.

"खोटं आहे सगळं," तो म्हणाला. "फोनबिन काही नव्हता. पोरं वाईट वाजवत होती, मी पाकीट दिलं. या माणसावर मी कधीही कसलाही उपकार केलेला नाही. लिहून घ्या."

पाहुण्यांना वाटलं गंमत चाललीय, ते हसले. आमची माणसं हसली नाहीत. संपात माझ्या शेजारी बटाटे सोलणारी एक बाई उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मग तिच्यामागची रांग. व्हिन्सचा हात पुढे केलेला तसाच राहिला.

घरी जाताना मी सेपला रस्त्यातच धरलं. "अक्कल गहाण ठेवलीस का? तुझं नाव मी परत आणलं होतं! हातात दिलं होतं तुझ्या!"

"ठाऊक आहे."

"मग?"

तो कुंपणाला टेकून दम खात उभा राहिला. "इडा, त्या तीनशे ताटांकडे पाठ फिरवणाऱ्या माणसाला वर चढवायला माझा खांदा होता, हे मी गावाला सांगू? त्यापेक्षा मूर्ख बरा. मूर्ख म्हणून मला झोप लागते."

मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी त्यानं किल्ली हरवली, तेव्हा बोलावं लागलं.

तीन वर्षांनी सेप गेला. अंत्ययात्रा निघायच्या वेळी फुलांची गाडी आली. दोन माणसांनी उचलावं लागेल एवढं मोठं पुष्पचक्र, आणि त्यावर कार्ड: 'आम्हाला पहिली संधी देणाऱ्या सेप टीसडेलला. व्हिन्स आणि द मॅराज.' नाव बरोबर लिहिलं होतं. इतकी वर्षं जे मला हवं होतं, ते छापील अक्षरांत माझ्या उंबऱ्यावर आलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

"कुठं ठेवू, आजी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"परत ने. चुकीच्या घरी आलंय."

"पत्ता तर हाच आहे. टीसडेलच ना?"

"टीसडेलच. पण आमच्या टीसडेलनं त्या लोकांना हाकलून दिलं होतं. गावात कुणालाही विचार."

त्यानं पुष्पचक्र पुन्हा गाडीत चढवलं, आणि आम्ही सेपला घेऊन निघालो.